वॉलपेपर लावून घेतला, पाथर्डी फाटा, नाशिक: कडा कशा कापल्या ते सविस्तर लिहितेय

मुलीच्या खोलीला वॉलपेपर लावून पाच महिने होत आले, मधे अख्खा पावसाळा जाऊन आला, म्हणून आता लिहायला बसलेय. लावल्या दिवशी कुठलाही वॉलपेपर छानच दिसतो, फोटोही मस्त येतात, पण खरं काय ते पावसाळ्यानंतर कळतं आणि तेही भिंतीच्या मधोमध नाही, कडेला कळतं. वर सिलिंगला, खाली स्कर्टिंगला (भिंतीच्या तळाशी असते ती पट्टी), स्विचबोर्डच्या चौकोनाला, कपाटाच्या बाजूला. मी आता कुणाच्याही घरी गेले की आधी तिथेच बघते, सवयच लागलीये.

आधी काय झालं होतं ते सांगते म्हणजे हा वॉलपेपर लावणाऱ्या काकांचं मी एवढं कौतुक का करतेय ते समजेल. गेल्या दिवाळीआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणाहून हेच काम करून घेतलं होतं, नाव लिहीत नाही, लिहून काही उपयोग नाही आता. दोन भिंती. बेडमागची साडेअकरा फुटी आणि तिला लागून कपाट सोडून उघडी राहणारी दहा फुटी, उंची साडेनऊ फूट. त्या माणसाने मोबाईलवर गुणाकार केला, २०४ स्क्वेअर फूट आले, एक रोल ५७ स्क्वेअर फुटाचा, म्हणजे चार रोलमध्ये काम होतंय ताई, उलट थोडा उरेल. मला तेव्हा काही माहिती नव्हतं, मी हो म्हटलं.

आता हे गणित वॉलपेपरला लागूच पडत नाही. रोल साधारण २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो, आणि तो वरून खालपर्यंत सलग पट्ट्यांनी लागतो. साडेनऊ फूट भिंत, वर-खाली कापायला दोन-दोन इंच जास्तीचे धरायचे, वर डिझाईन जुळवायला मधे काही वाया जातं, आमच्या कागदाचं डिझाईन ६४ सेंटिमीटरला रिपीट होत होतं, त्यामुळे एक पट्टी साडेदहा फुटाला पडते. ३३ फुटात अशा तीनच पट्ट्या निघतात. साडेएकवीस फूट रुंदीला २१ इंची पट्ट्या लागतात १३, आणि चार रोलमध्ये निघतात १२. एक पट्टी कमी. ती त्यांनी कशी भरली माहितीये, कापून उरलेले तुकडे एकाखाली एक जोडून, कपाटाच्या अगदी शेजारी, पानांची देठं कुठेच्या कुठे. म्हणाले कपाटाच्या आड जाईल, दिसणार नाही. कपाटाचं दार उघडलं की रोज तेच दिसायचं.

आणि कडा तर विचारूच नका. स्विचबोर्डभोवती चारी बाजूंनी एकेक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, भिंत उघडी, पांढरी, कात्रीने कापल्यासारखं वेडंवाकडं. स्कर्टिंगला कागद फाटून त्याचे तंतू निघालेले, जसा ओला कागद फाटतो तसा. सिलिंगला एका टोकाला कागद पोहोचला आणि दुसऱ्या टोकाला अर्धा इंच कमी पडला कारण वरची लाईनच तिरकी आहे, आणि ते त्यांनी बघितलं नव्हतं. सगळ्यात जास्त मनाला लागलं ते कपाटाचं. पातं सरळ कपाटाच्या लॅमिनेटला टेकवून खाली ओढलं, वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ उमटली. कपाट सासऱ्यांनी स्वतः उभं राहून सुताराकडून करून घेतलं होतं. ती रेघ आता जाणार नाही. त्यांना फोन केला तर एकदा उचलला, मग उचललाच नाही. फेब्रुवारीत कडा सुटायला लागल्या आणि सुटताना कागदामागे पुट्टीची पांढरी पावडर चिकटून येत होती, म्हणजे भिंतीला प्रायमर मारलाच नव्हता, कोरड्या पुट्टीवर डायरेक्ट चिकटवलं होतं.

तर मे महिन्यात हे सगळं काढायचं ठरवलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे हळदीकुंकवाला गेले होते, त्यांच्या हॉलमधला स्विचबोर्ड बघून मी तिथेच थांबले. कागद प्लेटच्या आत गेलेला होता, कुठे फट नाही, कुठे काप नाही, जणू बोर्ड कागदातूनच उगवलाय. मी विचारलं कोणी केलं, तर त्यांनी सिडकोतल्या एका पडदे-गाद्यांच्या छोट्या दुकानाचं नाव सांगितलं, तिथे वॉलपेपरची तीन-चार जाड पुस्तकं ठेवलेली असतात आणि लावायला एक काका येतात, त्यांचा भाचा सोबत असतो.

काका पंचावन्नच्या आसपासचे असतील. आधी वीस वर्षं गाड्यांच्या सीट कव्हरचं काम करायचे, रेक्झिन कापायचं, मग गुडघे दुखायला लागले म्हणून या कामात आले. गुडघे दुखतात आणि दिवसभर शिडीवर चढ-उतार, मी म्हटलं काका हे कसं चालतं, तर म्हणाले ताई गाडीत वाकून बसण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं.

पहिल्यांदा नुसते बघायला आले तेव्हा त्यांनी डिझाईनबद्दल एक शब्द विचारला नाही. खिशातून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन, उभी रेघ सरळ आहे का ते बघायला) काढला, सिलिंगपाशी धरला आणि तो स्थिर होईपर्यंत काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, कपाटाकडची भिंत ओळंब्यात नाही, वरून खालपर्यंत तीन सूत फरक आहे. कोपऱ्यात गुण्या (काटकोन बघायचं साधन) लावून बघितला, कोपरा पण गुण्यात नाही. (आमच्याकडे सुतार, गवंडी सगळे अजून सुतातच बोलतात.) मग चिकटपट्टीचा एक तुकडा भिंतीला दाबून चिकटवला आणि झटक्यात ओढला, मला दाखवला, पट्टीला पीठ लावल्यासारखी पुट्टी आली होती. म्हणाले यावर मी कागद लावणार नाही, आधी प्रायमर, आणि तो पूर्ण एक दिवस वाळल्यावर मग मी येईन. पैसे कमवायची घाई असलेला माणूस असं म्हणत नाही. मग त्यांनी पश्चिमेकडच्या भिंतीला तळहात लावून बघितला आणि विचारलं, पावसाळ्यात इथे ओल येते का. येत होती, खिडकीच्या खाली थोडी. म्हणाले मग या भिंतीला कागद नको, हिला रंगच ठेवा, बाहेरून वॉटरप्रूफिंग करा आणि मग पुढच्या वर्षी बघू. आम्हाला खरं तर तिसरी भिंतही करायची होती. एक भिंत म्हणजे तीन-चार रोलचं काम त्यांनी स्वतःहून सोडलं.

रोल त्यांनी पाच सांगितले. दुकानात गेल्यावर प्रत्येक रोलच्या लेबलवरचा लॉट नंबर मला वाचून दाखवायला लावला, पाचही सारखेच पाहिजेत, नाहीतर शेडमध्ये फरक येतो आणि तो भिंतीवर लावल्यावरच दिसतो. कागद नॉन-वोव्हन घेतला, म्हणजे गोंद कागदाला नाही, भिंतीला लावायचा. जुना कागद कागदी पाठीचा होता, त्याला गोंद लावून घडी करून काही मिनिटं मुरू द्यावा लागतो, ओला झाला की तो फुगतो, आणि न मुरवता लावला तर भिंतीवर फुगतो, मग बुडबुडे. आधीच्यांनी तेही केलं नव्हतं हे मला आता कळलं.

लावायचा दिवस. सकाळी साडेनऊला दोघं आले. पंखा बंद, खिडक्या बंद, मे महिन्यात! मी म्हटलं काका जीव जाईल, तर म्हणाले वारा लागला की कड आधी वाळते आणि मधला भाग नंतर, मग जॉइंट उघडतो. स्टडी टेबल हलवायला लावलं, बेड मधे ओढायला लावला. यावर ते अजिबात ऐकत नाहीत, जे हलतं ते हलवायचंच, टेबलाच्या मागे कागद पूर्ण गेला पाहिजे, टेबलाच्या कडेपर्यंत आणून तिथे कापणं हे त्यांना मान्यच नाही. आज टेबल इथे आहे, उद्या तुमची मुलगी दुसरीकडे नेईल, मग काय करणार. फक्त कपाट हलत नाही, ते भिंतीत फिट आहे, आणि टेबलाच्या वरचं बुकशेल्फ ब्रॅकेटवर ठोकलेलं आहे, एवढ्याच दोन वस्तूंना कागद वळसा घालून कापायचा होता.

सुरुवात कोपऱ्यापासून केली, पण कोपऱ्याच्या लाईनने नाही. कोपऱ्यापासून साडेवीस इंचावर ओळंबा सोडून पेन्सिलने उभी रेघ मारली आणि पहिली पट्टी त्या रेघेला लावली, उरलेला अर्धा इंच कोपऱ्यातून पलीकडच्या भिंतीवर वळवला. कोपरा तिरका होता, तर तिरकेपणा त्या अर्ध्या इंचात मुरला. पलीकडची पट्टी पुन्हा नव्याने ओळंबा लावून त्यावर जराशी चढवली. कोपऱ्यात एकच पट्टी वळवून पुढे नेली असती तर पुढची सगळी पानं तिरकी चालली असती.

आता कापणं. हे मी जवळ उभी राहून बघितलं, चहा गार झाला हातातला.

कागद वर सिलिंगवर दोन इंच चढलेला, खाली स्कर्टिंगवर दोन इंच उतरलेला. मऊ ब्रशने मधून बाहेरच्या दिशेने हवा काढत बसवला. मग एक रुंद पत्रा, पुट्टीच्या पत्र्यासारखाच पण कड एकदम सरळ, तो त्यांनी स्कर्टिंगच्या खाचेत घट्ट दाबला, अशा बाजूने की जो कागद भिंतीवर राहायचाय तो पत्र्याखाली झाकला जाईल. पातं पत्रा आणि स्कर्टिंगच्या मधल्या खाचेत ठेवलं आणि पत्र्याच्या लांबीइतकं ओढलं. आणि इथे खरी गोष्ट आहे. पातं उचललं नाही. पात्याचं टोक कागदात तसंच ठेवून फक्त पत्रा पुढे सरकवला, मग पुन्हा पातं ओढलं. परत पत्रा पुढे, परत पातं. अशी एका पट्टीची कड तीन-चार टप्प्यांत पण एका सलग कापात झाली. पातं उचलून परत टेकवलं की तिथे पायरी पडते, ती पायरी म्हणजे आमच्या जुन्या कामाच्या कडेला दिसणारे ते वेडेवाकडे दात.

आणि प्रत्येक दोन-तीन कापांनंतर कट्! पात्याचा पुढचा तुकडा तोडून टाकायचे. भाचा एक चिवड्याची रिकामी बरणी घेऊन फिरत होता, त्यात तुकडे पडायचे, जमिनीवर एकही नाही, घरात लहान मूल आहे का हे आल्या आल्या विचारून घेतलं होतं. मी म्हटलं एवढी पाती वाया, तर म्हणाले ताई, पातं काही रुपयांचं आणि कागद काही हजारांचा. ओल्या कागदावर बोथट पातं कापत नाही, ओढतं. डोळ्याला धार दिसते पण कागदाला कळतं.

त्यांचा कटर पिवळा, ओल्फाचा, बारीक ९ मिलिमीटर पात्याचा. जाड १८ चा पण होता पिशवीत, तो फक्त पट्ट्या कापायला. नंतर मी त्याबद्दल वाचलं, पातं तोडून नवी धार काढायची ही कल्पना जपानमधल्या ओसाकाची आहे, १९५६ साली योशिओ ओकाडा यांनी काढली, फुटलेल्या काचेची धार आणि खाचा असलेली चॉकलेटची वडी यांवरून त्यांना ती सुचली. ओल्फा हे नावही जपानी भाषेतल्या तोडायच्या पात्यावरूनच आलंय. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण ते काका दर तिसऱ्या कापाला जे कट् करत होते त्यासाठीच तर ती वस्तू बनलीये, आणि आपल्याकडे बहुतेक जण तोच एक तुकडा गंज चढेपर्यंत वापरतात, आमच्या घरचा कटर पण तसाच होता.

स्विचबोर्डचं सांगते. आधी एमसीबी खाली, म्हणजे वीज बंद, मग टेस्टर लावून खात्री, मग प्लेटचे स्क्रू सैल करून प्लेट थोडी बाहेर ओढली. पट्टी बोर्डावरून तशीच खाली सोडली, जणू बोर्ड नाहीच. बोर्डाचे चार कोपरे बोटाने चाचपून मधून कोपऱ्यांकडे तिरके काप दिले, फुलीसारखे, चार त्रिकोणी पाकळ्या उघडल्या. मग त्या पाकळ्या कापताना बॉक्सच्या कडेपर्यंत कापल्या नाहीत, आत दोन सूत शिल्लक ठेवून कापल्या आणि तेवढी कड प्लेटच्या मागे सरकवून प्लेट परत कसली. झालं, म्हणून फट दिसत नाही, कारण कापलेली कड दिसतच नाही, ती प्लेटच्या खाली आहे. आधीच्या लोकांनी प्लेट न काढता भोवतीने कापलं होतं. दहा मिनिटांचं काम वाचवायला. काका म्हणाले, चमकीचा, फॉईलचा कागद असता तर मात्र मी प्लेटच्या आत घातला नसता, त्यात धातू असतो, करंट यायचा धोका. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, हल्ली सोनेरी चमकीचे कागद खूप चाललेत.

बुकशेल्फचे ब्रॅकेट तसेच, वरून खाली आलेल्या कागदाला कडेकडून ब्रॅकेटपर्यंत एक आडवा काप, टोकाला दोन छोटे तिरके काप, कागद दोन्ही बाजूंनी जाऊन खाली परत मिळाला. काप जिथे आला तो शेल्फच्या फळीखाली आला, मी शोधून काढला तरच दिसतो.

आणि कपाट. इथे ते जवळजवळ तासभर होते, एकटेच, भाच्याला हात लावू दिला नाही. भिंत तीन सूत तिरकी, कपाट सरळ, वर माळा कपाटापेक्षा चार बोटं पुढे आलेला. शेवटची पट्टी रुंदीला आधीच मापून, वर, मधे आणि खाली अशी तीन मापं घेऊन, एक इंच जास्तीची कापून आणली. माळ्याचा कोपरा जिथे येतो तिथे बाहेरून कोपऱ्याच्या दिशेने तिरका काप दिला आणि कोपऱ्याच्या केसभर अलीकडे थांबले. पुढे गेलं तर भिंतीवर काप दिसतो, मागे राहिलं तर कागद ताणून फाटतो. मग कागद नखाने नाही, एका प्लॅस्टिकच्या पट्टीने कपाटाच्या खाचेत दाबत दाबत वरून खाली नेला, पांढरी घडी उमटली. लॅमिनेटला आधी कागदी चिकटपट्टी लावून घेतली होती, त्याला पातं लागू नये म्हणून, आणि पातं भिंतीच्या बाजूला झुकवून धरलं, कपाटाच्या बाजूला नाही. जुनी रेघ बघून त्यांनी तिच्यावर एकदा बोट फिरवलं आणि काहीच बोलले नाहीत. कापल्यावर लगेच ओल्या स्पंजने कपाटावरचा गोंद पुसला, पाणी बदलून दोनदा, कारण गोंद वाळला की त्याची चकाकी राहते आणि मग ती निघत नाही. शेवटी कपाट आणि भिंतीच्या मधे जी केसासारखी फट होती त्यात पांढरं नाही, कागदाच्याच जवळपासच्या रंगाचं सीलंट बोटाने अगदी बारीक भरलं.

एसीचा पाईप जातो तिथे कापायला दोघांना नीट हात पोहोचत नव्हता, तो तेवढा भाग मला आवडला नाही, आणि तिथलाच एक जॉइंट आठ दिवसांनी उघडला. हे लिहायला पाहिजे, नाहीतर परीक्षण कसलं. फोन केला, दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले, दुसऱ्या दिवशी सिन्नरला काम निघालं म्हणून नाही आले, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आले, सिरिंजने आत गोंद सोडला, छोट्या रोलरने दाबला, पैसे विचारले तर हात जोडले. तेव्हापासून ठीक आहे.

बाकीच्या तक्रारी पण सांगते. एक दिवसात होईल म्हणाले होते, दोन दिवस लागले. सामान ते हलवत नाहीत, मदत करतात पण माणसं आपलीच पाहिजेत, आमचे हे आणि वॉचमनकाका मिळून बेड हलवला. कापलेल्या तुकड्यांचा कचरा पोत्यात भरून देतात पण नेत नाहीत, घंटागाडीत आम्हीच टाकला. दुकानात पक्कं बिल दोनदा मागावं लागलं. आणि दुपारी दुकान बंद असतं, मी दोनदा उन्हात जाऊन परत आले, आधी फोन करून जा.

पैसे. लावायचे एका रोलला ४५० रुपये, आधीच्यांनी ३०० घेतले होते. जुना कागद काढणं, पुट्टीचा हात, पॉलिश पेपर मारणं आणि प्रायमर मिळून साडेचार हजार वेगळे. पाच रोलचे आमच्या डिझाईनला बारा हजारांच्या आत बसले. कुणी म्हणेल लावायला दीडपट कशाला द्यायचे, कागद तर तोच. मी म्हणते कागद कुठलाही घ्या, साधा घ्या, पण कापणारा माणूस असाच बघा. आम्ही पहिल्यांदा महाग कागद आणि स्वस्त माणूस घेतला होता, आणि सात महिन्यांत सगळं खरवडून काढलं, काढायचे पैसे वरून.

तुम्ही कुणालाही बोलवणार असाल तर हे विचारा, मी आता सगळ्यांना हेच सांगते. स्विचबोर्डची प्लेट उघडून आत घालणार का. रोल किती लागतील ते पट्ट्या मोजून सांगा, स्क्वेअर फुटाने नको. ओळंबा आणलाय का. आणि त्यांनी आधी केलेल्या एखाद्या घरात जाऊन स्कर्टिंगपाशी खाली बसून बघा, उभ्याने नाही.

यंदा पाऊस आमच्याकडे चांगला झाला, गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं ते बघायला अर्धं नाशिक घाटावर जातं, तसे आम्हीही गेलो होतो. घरी येऊन मी पहिलं काय केलं तर खोलीच्या चारी कडांवरून हात फिरवला. कुठेही सुटलेलं नव्हतं. खिडकीखालच्या भिंतीला, ज्या भिंतीला त्यांनी नाही म्हटलं होतं, तिला हाताएवढी ओल आली होती.

ऑगस्टमध्ये मात्र मुलीने शाळेचं वेळापत्रक चिकटपट्टीने भिंतीला लावलं आणि काढताना कागदाचा वरचा थर निघाला, साधारण सव्वा इंच, बरोबर बेडच्या डोक्याशी. ती रडायलाच लागली. मी काकांना फोन केला, ते नाशिकरोडला कामावर होते, म्हणाले ताई मी यायची गरज नाही, तुम्हीच करा, मी सांगतो. उरलेल्या दोन पट्ट्या त्यांनी गुंडाळून बेडखाली ठेवायला सांगितल्याच होत्या, पुढे लागतील म्हणून. त्यातला पानं जुळणारा तुकडा काढला, फाटलेल्या जागेपेक्षा मोठा, पानावर पान बरोबर बसवून कागदी चिकटपट्टीने वरून धरला. नवीन पातं. सरळ चौकोन कापायचा नाही म्हणाले, पानाच्या कडेकडेने कापा, डोळ्याला सरळ रेघ पटकन सापडते, वळणं सापडत नाहीत. दोन्ही कागद एकदमच आरपार कापले, खालचा फाटलेला भाग कोमट पाणी लावून मऊ करून उचलून काढला, त्याच आकाराचा वरचा तुकडा गोंद लावून त्या जागी बसवला आणि ओल्या कापडाने पुसला. हात थरथरत होता पण पातं उचललं नाही.

आता तिथे बोट फिरवलं तर कड लागते, डोळ्याला नाही दिसत. मुलगी आल्या-गेल्या मैत्रिणींना सांगते, आईने इथे पान लावलंय, शोधा.